गडगा पुरा होण्याआधीचा मिठबावचा माळ

बापूचा फोन आला तेव्हा मी दातांच्या डॉक्टरकडे निघालो होतो. बापू माझा बालमित्र, अजून मिठबावातच राहतो. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट म्हणाला, "माळ इकलो रे. गडगो पुरो होवच्या आदी ये." लहानपणी आम्ही खेळलो त्या माळाभोवती कुंपणाची भिंत उठत होती. दात राहिले बाजूला, मी कणकवलीचं तिकीट काढलं. बापूला अजून समजावता येईल, अशी वेडी आशा होती.

तुम्ही जाणार असाल तर कणकवलीहून मिठबावला एसटी मोजक्याच आहेत. रिक्षावाला परतीचंही भाडं लावतो, आधी बोलून घ्या. वाटेत कुणकेश्वरला थांबा, देवळामागचा समुद्र बघण्यासारखा आहे. मी मात्र तिथेही घड्याळच बघत होतो.

बापूच्या सुनेने बांगड्याचं तिखलं नि सोलकढी वाढली. एरवी मी तीनदा भात मागतो, त्या दिवशी पहिलाच ताटात राहिला.

उन्हं कलल्यावर माळावर गेलो. तीन बाजूंनी चिऱ्यांचा गडगा उभा राहिलेला. साठ साल उजाडायच्या आधी आमचं अख्खं बालपण इथे फुटलेल्या गुडघ्यांनी गेलं. झावळीचा जाड देठ तासून बॅट, चिंध्यांचा चेंडू, आणि चेंडू काजूच्या जाळीत गेला की भांडण ठरलेलं. ही जमीन बापूच्या भावकीची. सगळ्यांनी सह्या दिल्या तरी तो एकटा कित्येक वर्षं अडून बसला होता.

"मगे आता सही कित्याक केलंस?" मी जरा रागानेच विचारलं.

"खेळूक कोण उरलो रे?"



बापूने चपला काढल्या. लहानपणी प्रत्येक सामन्याआधी तो मोठ्या माणसांसारखं देवाला गाऱ्हाणं घालायचा आणि दोन्ही बाजूंची पोरं एका आवाजात होकार भरायची. आताही त्याने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, हय खेळललीं पोरां खंय खंय गेली ती तुका म्हायत. गेलल्यांका सुखात ठेव, रवलल्यांका सांबाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी पुटपुटलो.

"मोठ्यान म्हण. सगळ्यांचा तुका म्हणूचा आसा."

मी ओरडलो. आवाज चिरकला आणि रडू आलं, ते लपवलंही नाही.

घरी येऊन आठवडा झाला. तिथे काढलेल्या फोटोंत नुसते चिरे दिसतात. माळ गेला याचं दुःख आहेच, पण झोप उडालीय ती वेगळ्याच विचाराने. गाऱ्हाण्याला दोन माणसं लागतात, एक घालणारा नि एक होकार भरणारा. आमच्यातला एक गेला की दुसऱ्याने कितीही मोठ्याने हाक मारली, तरी 'व्हय म्हाराजा' म्हणायला कुणी नसेल.