गाडीत भाजलेल्या पट्ट्या

समस्त जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक एका दुपारपुरता गुप्तहेर झाला होता.

नागपुरात आम्ही काही मंडळी मलेरिया तपासायची स्वस्त कागदी पट्टी बनवत होतो. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर, त्यावर औषधाचे दोन थेंब. पंधरा मिनिटांनी एक रेघ दिसली तर मलेरिया नाही, दोन दिसल्या तर आहे. पट्ट्या खेड्यांत वाटल्या. सगळीकडून कळवलं, एकच रेघ. नरखेड तालुक्यातल्या एका गावातून मात्र दोन-दोन! मला संशय आला. तिथली आशा सेविका नक्की काहीतरी घोळ घालत असणार. कदाचित दुसरी रेघ पेननं ओढत असेल! मी डोळे बारीक करून निघालो.

ती सापडली संत्र्याच्या बागेत, तोडणीवाल्यांच्या झोपडीत. ऑक्टोबरच्या उन्हात एक मजूर बाई दोन वाकळा पांघरून कुडकुडत होती.

"माही तपासनी कराले आले का, भाऊ?" सेविकेनं विचारलं.

"छे, छे! सहजच."

"सहज कोनी येते का गा इतक्या उन्हात?"

मी जादूगारासारखी माझी पट्टी काढली, त्या बाईचं बोट टोचलं. पंधरा मिनिटांनी एक रेघ. "बघा, मलेरिया नाही!"

दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याकडे बघावं तसं सेविकेनं माझ्याकडे बघितलं. "मंग दिवसाआड हुडहुडी काहून भरते हिले?" तिनं स्वतःजवळची पट्टी पुढे केली. "घ्या. तुमच्याच हातानं करा."

केली. पंधरा मिनिटं आम्ही दोघं एकमेकांच्या हातांवर पहारा देत बसलो. दोन रेघा आल्या. ठळक.

"तुमच्या पट्ट्या कुठं राह्यतात, भाऊ?"

"गाडीत. मागच्या काचेपाशी."

तिनं माझ्या पट्ट्यांचं पाकीट गालाला लावलं आणि झटकन दूर केलं. "हे पट्टी आहे का पापड?"

तिच्या पट्ट्या मी एसटीनं पाठवल्या होत्या, कारण तेव्हा गावाआधीच्या ओढ्याला पाणी होतं आणि माझी बुटकी गाडी पलीकडे जात नव्हती. आल्या तशा तिनं डब्यात घालून माठाजवळ सावलीत ठेवल्या. बाकी गावांना मी स्वतः, मोठ्या ऐटीत, आठवडाभर गाडीतून फिरवून वाटल्या होत्या. म्हणजे तिथल्या त्या सगळ्या 'नाही'चा काही भरवसाच नव्हता. माझं हसू गेलं.

"फोन लावा सगळ्याइले," ती म्हणाली. "ताप आलेले लोकं पुन्हा तपासा म्हना."

मी फोन काढला, पण अब्रू वाचवायला उष्णतेनं पट्टीचं नेमकं काय बिघडतं यावर व्याख्यानही सुरू केलं. तीही मग, असं होतं तर पाकिटावर तसं लिहिलं काहून नाही, म्हणून माझ्यावर तुटून पडली. तेवढ्यात वाकळेतून आवाज आला,

"तुमचं भांडन झालं असन त गोळी द्या ना वं बाई, मी थंडीनं मरून राह्यली इथं!"