ताटीचं पाणी

ताटीवर मारायचं पाणी आईला पाजलं म्हणून देशमुखांच्या कारभाऱ्यानं माझी घागर लाथेनं उडवली. मग हातातली काठी माझ्या तोंडावर हाणली. दात हलला. थर्डक्लासच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. नुसती बघत होती.

परळीला रेल्वे नुकतीच आली होती. राज्य निजामाचं, पण आमच्या गावात आमच्यावर राज्य देशमुखांचं. ते फस्क्लासनं हैदराबादला निघाले. वैशाखातलं ऊन. त्यांच्या डब्याच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधलेल्या. गाडी थांबली की मी उडी मारायची, इंजिनाच्या नळावर घागर भरायची, बाहेरून ताट्या चिंब करायच्या आणि गाडी हलायच्या आत पळत मागच्या डब्यात चढायचं. देशमुखांना गार, वासाचा वारा. मागे आम्ही तव्यावरच्या भाकरीसारखे भाजत होतो.

आईला मोतीबिंदू. हैदराबादच्या दवाखान्यात डोळे दाखवायचे होते. ताट्या भिजवायच्या बदल्यात देशमुखांनी आम्हा दोघांची तिकिटं काढली होती. ती कारभाऱ्याजवळ. मी वेडा, उपकार मानत होतो.

टेशनावर मुसाफिरांसाठी पाण्याचा रांजण असायचा. पाणक्या डब्याडब्यापुढं येऊन ओंजळीत पाणी घालायचा. आम्हा महारांची पाळी शेवटी, तीही हातभर वरून. तीन टेशनं गेली. पाळी यायच्या आत शिट्टी व्हायची. आईची जीभ टाळ्याला चिकटली. चौथ्या टेशनावर मी तिला डब्याच्या दारात बसवलं आणि भरलेली घागर तिच्या ओंजळीवर वाकडी केली. मग ती लाथ, ती काठी.

कारभारी म्हणाला, "ते पानी ताटीचं हाय बे. तुज्या मायनं बाटिवलं. जा, दुसरं आन."

बाटवलं? घागर माझी, हात माझा. त्याच हातानं भिजवलेला वारा देशमुख सकाळपासून खात होते, तो चालला. आईच्या घशाखाली एक ओंजळ गेली आणि विटाळ झाला. माझं डोकंच फिरलं.

"आनत न्हाई," मी म्हणालो.

आईनं माझं धोतर धरलं. "लेकरा, आन की. डोळ्याचं काम हाय."

मी आणलं नाही. ताट्या वाळल्या. देशमुख आतून शिव्या घालू लागले. पुढच्या टेशनावर कारभाऱ्यानं तिकिटं स्वतःकडंच ठेवून आम्हाला खाली उतरवलं. गाडी गेली. मी सरळ रांजणाकडं गेलो, झाकण काढलं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि आईला पोटभर पाजलं. पाणक्यानं बोंब ठोकली. चार माणसं धावली आणि मला गुरासारखं बडवलं.

पुन्हा हैदराबादला जाणं झालं नाही. आईचे डोळे गेले. ती मला कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिचा अंधार माझ्या माथी आहे, तो मी नाकारत नाही.

पण ताटी परत भिजवणार नाही. देशमुखांची नाही, त्यांच्या बापाचीही नाही. आता कुठं गाडीनं जायचं झालं तर टेशन दिसलं की मी उतरतो आणि रांजणात हात घालतो. मारणाऱ्यांनी मारावं. मी आधी पाणी पितो.