परत न आलेले पापड

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखनही चुकलं असेल. चौथीपर्यंतच शिकले, माफ करावं.

दादांच्या दुकानात मी पापड करून देते. काल तिथे कॉम्प्युटरवर रंगीत पट्ट्या उभ्या होत्या. त्यांची सून कौतुकाने म्हणाली, "मावशी, आपल्या चारही दुकानांची जुनी-नवी बिलं इथे एकत्र साठतात. सणाआधी कुठे किती माल लागेल, ते यावरून कळतं. ही उंच पट्टी तुमची. एकही पाकीट परत आलेलं नाही!"

"पापड परत आले," म्हणत दादा दर महिन्याला माझे पैसे कापत. मी मान डोलवत असे.

गल्ल्यावर बसलेल्या दादांना मी विचारलं, "दादा, मग परत आलेले पापड कुठे गेले?"

"कॉम्प्युटरला काय कळतं? तो काय पापड खातो?" दादा हसले. सून हसली नाही.

रात्रभर वाटत राहिलं, आपण माणसाच्या शब्दावर विसंबून सगळं विसरतो. तिथे मात्र माझं एकेक पाकीट मुकाट्याने जपलेलं होतं, दादांनीच हौसेने आणलेल्या यंत्रात.

आज सून घरी आली. कापलेल्या पैशांतली पै न पै तिने माझ्या हातात ठेवली. दादा आले नाहीत.