पट्टे असतील तरच

वाळूजच्या एका कारखान्यात बद्रीनाथराव खरेदी खातं सांभाळतात. तिथं म्हणे पुरवठादाराशी बोलताना त्यांचा आवाज असा चढतो, की शेजारच्या टेबलावरचा माणूस चहाचा कप खाली ठेवतो. उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरी हे कुणालाच खरं वाटत नाही. नात्यातला माणूस समोर आला, की तोच आवाज दाराबाहेर चपला काढून, पाय धुऊन मगच आत येतो. पन्नाशी उलटली, केस पिकले, मुलगी इंजिनिअरिंगला गेली. पण नातेवाइकांना 'नाही' म्हणणं काही त्यांच्या जिभेला जमलं नाही.

त्यांची जुनी गाडी म्हणूनच नावाला त्यांची होती. गंगापूर तालुक्यातली निम्मी सोयरीक तिनं जुळवली, बाळंतिणी घरी आणल्या, आंब्याची कलमं वाहिली आणि, आजही कुणी कबूल करत नसलं तरी, एकदा एक शेळी. गाडी परत आली की उज्ज्वलाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, झाडू घेऊन आत बसायच्या आणि सीटखाली काय सापडलं यावरून कोण कुठं जाऊन आलं ते अचूक सांगायच्या. एकदा दोघं माहेरचं बारसं आटोपून रिक्षानं परतत होते. क्रांती चौकात सिग्नल लागला आणि रिक्षाशेजारी येऊन उभी राहिली ती त्यांचीच गाडी. आत चुलतभाऊ कडुबा, त्याची बायको आणि अख्खी सासुरवाडी. कडुबानं काच खाली केली आणि मोठ्या मनानं विचारलं, "वहिनी, सोडू का कुठं?"

त्या दिवसापासून उज्ज्वलाबाईंनी गाडीचा उल्लेख 'तुमची एस्टी' असा सुरू केला.

यंदा बद्रीनाथरावांनी नवी हायब्रिड घेतली. बॅटरीवर सुरू होते तेव्हा आवाजच करत नाही. सोसायटीचा वॉचमन दोनदा दचकला. शोरूममधल्या ऋतुराज नावाच्या तरुणानं शेजारी बसून सगळं समजावलं. पुढचा कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे बघतो, आपण नकळत एका बाजूला सरकलो की स्टिअरिंग स्वतः थोडं वळून आपल्याला मध्ये आणतं, पुढची गाडी थांबली की ही थांबते, कुणी फार जवळ आलं की पीं-पीं करते. "पण सर, एक लक्षात ठेवा," ऋतुराज म्हणाला, "पट्टे नीट दिसत असतील तरच स्टिअरिंग असिस्ट चालतं. नसतील तर ते बंद. मग नेहमीसारखं तुम्हीच चालवायचं."

पहिल्या रविवारी ते धुळे-सोलापूर महामार्गावर गेले. पट्ट्याकडे जरा झुकले, तसं स्टिअरिंग हातातल्या हातात हळूच वळलं आणि गाडी आपल्या जागेवर आली. बद्रीनाथरावांना भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांना धरून ठेवणारं कुणीतरी भेटलं होतं. क्रांती चौकात मात्र त्या बिचारीची त्रेधा उडाली. डावीकडून रिक्षा, उजवीकडून रिक्षा, समोरून उलट्या बाजूनं येणारा, कॅन लटकवलेला दूधवाला. ती सारखी किंचाळत होती, थांबत होती, पुन्हा किंचाळत होती.

"माहेरी पहिल्यांदा आलेल्या सुनेसारखं करतेय," बद्रीनाथराव कौतुकानं म्हणाले.

"सून सासरी येते," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "आणि एवढी किंचाळली असती तर परत पाठवली असती तुमच्या घरच्यांनी."

गाडी आल्याची बातमी फुटायला आठवडा पुरला. कडुबाचा फोन आला. "बदरी, अभिनंदन! शनिवारी पाव्हण्यांकडं जायचंय, लासूरच्या पुढं. गाडी पाठव बरं."

बद्रीनाथरावांनी सवयीनं 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि आतून भलतंच बाहेर आलं. "अरे, तिचं असं आहे कडुबा... रस्त्यावर पांढरे पट्टे असतील तरच चालते."

आता याला खोटं तरी कसं म्हणावं? ऋतुराज जे बोलला, त्यातले मधले फक्त दोन शब्द त्यांनी गाळले होते.

 कडुबा हळू आवाजात म्हणाला, "लई भारी गाडी घेतली राव तू." आणि त्या आवाजात तक्रार नव्हती, आदर होता. बद्रीनाथरावांनी फोन ठेवला. इतकं सोपं असतं हे?

मग ही गोष्ट गावोगाव फिरली आणि फिरता फिरता अंगानं भरली. पाच माणसांच्या वर एक जरी बसला तरी गाडी जागची हलत नाही. चालवणारा बदलला की ती त्याचा फोटो काढते. पट्टा सोडला की थेट जपानहून फोन येतो. बद्रीनाथरावांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त काहीच नाकारलं नाही, कारण नाकारणं त्यांना जमत नसे.

"बाबा, तुम्ही सगळ्यांना फसवताय," मुलगी श्रेया म्हणाली. "पट्टे नसले तरी गाडी मस्त चालते."

"मी कुठं काय म्हणतोय? गाडीच नाही म्हणते."

"तेच तर," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "तिच्या तोंडानं बोलायला लागलात."

पण त्यांनाही दर रविवारी खिडकीशेजारची जागा मिळत होती, सीटखाली आपल्याच घरच्या शेंगांची टरफलं निघत होती. त्यांनी फार ताणून धरलं नाही.

असेच काही महिने सुखात गेले, आणि द्वारकाबाईंचा फोन आला. या बद्रीनाथरावांच्या थोरल्या बहीण, गंगापूरच्या पुढं बोरखेडीत राहतात. हायस्कूलची सगळी वर्षं बद्रीनाथराव त्यांच्या घरी राहून शिकले. नव्या नवरीनं भावाला पोसायला आणलं म्हणून सासूची बोलणी खाल्ली, पण द्वारकाबाईंनी भावाच्या डब्यातली भाकरी कधी चुकवली नाही. जगात जर एका माणसाला बद्रीनाथरावांना 'नाही' म्हणायचंच नव्हतं, तर ते माणूस हे.

"बदरी, विश्वजीतचं लगीन ठरलं रं," आक्का म्हणाल्या. "दारातच मांडव घालणार हाये. परण्याला नवरदेव मामाच्या गाडीत बसावा असं लई मनात व्हतं माझ्या." परण्या म्हणजे लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात तो.

बद्रीनाथराव आनंदानं 'आणतो की' म्हणणार, तेवढ्यात आक्काच पुढं बोलल्या, "पण कडुबा म्हणला, तुझ्या गाडीला पट्टे लागतेत. आमच्याकडं कुठले आले पट्टे? डांबर बी फाट्यापर्यंतच. ऱ्हाऊ दे. जीवाला लावून घेऊ नको. तुम्ही एस्टीनं या."

काय बोलावं! गाडी आणतो म्हणावं, तर आजवर सगळ्यांना थापा मारल्या हे आक्कापुढं कबूल करावं लागणार. न आणावी, तर आक्काच्या दारात एकुलत्या एका भाच्याचा परण्या दुसऱ्या कुणाच्या गाडीतून निघणार.

"बघतो, आक्का," ते म्हणाले. हा शब्द त्यांना फार छान जमायचा.

"सगळ्या भावकीला नाही म्हणायला गाडी लागली तुम्हाला," उज्ज्वलाबाई रात्रीच्या पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. "आता आक्कांना हो म्हणायला काय आणणार? विमान?"

फोनवर सांगायचं म्हणून त्यांनी कितीदा तरी नंबर लावला. कधी आक्कांच्या मागे बायकांचा गलका, कधी विश्वजीतनंच उचललेला. शेवटी त्यांनी ठरवलं: हळदीच्या आदल्या दिवशी रजा टाकून समोरासमोर सांगायचं. फाट्यावर गाडी लावायची, चालत जायचं, आक्काला बाजूला घ्यायचं. 'भेटून जातो' एवढंच त्यांनी विश्वजीतला कळवलं. उज्ज्वलाबाईही सोबत निघाल्या. नवरा वाटेतून परतणार नाही याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

फाट्यावर डांबर संपलं आणि बद्रीनाथरावांनी ब्रेक मारला.

पुढच्या मातीच्या रस्त्यावर दोन्ही कडांना पांढऱ्याशुभ्र रेघा ओढलेल्या होत्या. शाळेच्या मैदानावर कबड्डीसाठी चुन्याची फक्की टाकतात, तशा. आणि घमेलं घेऊन, कोपरापर्यंत पांढरा झालेला, उद्या ज्याला हळद लागायची तो विश्वजीत उभा होता.

"या मामा! आई म्हणली, मामाला पट्टे पाह्यजे ना, मंग मारा. थेट दारापर्यंत मारलेत. मधी एका ठिकाणी म्हैस बांधलेली व्हती, तिथं जरा वाकडं गेलंय, संबाळून घ्या."

बद्रीनाथरावांनी बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीबाहेर पाहत होती. तिचे खांदे हलत होते.

गाव कडेला येऊन उभं राहिलं होतं. आता रेघेच्या बाहेर चाक घालायची सोय नव्हती. घामाघूम होत त्यांनी गाडी फक्कीच्या मधोमध धरली. म्हैस केव्हाच सोडून नेलेली होती, पण तिच्या नावानं पडलेलं वळण त्यांनी इमानानं घेतलं. पडद्यावरचं पट्ट्यांचं चिन्ह करडंच राहिलं. त्या फक्कीत गाडीला काही राम वाटला नाही. पोरं जवळ आली तशी ती किंचाळू लागली.

"आयकलं का? पट्टा वाचतीय!" एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याला सांगितलं.

"अन् मामा बग, नुस्ता हात ठिवून बसलाय."

नुसता हात ठेवून बसलेल्या मामांचा सदरा पाठीला चिकटला होता.

आक्कांनी दारात दोघांना ओवाळलं, गाडीलाही ओवाळलं. आत नेऊन पाणी दिलं. बद्रीनाथरावांनी तांब्या खाली ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं, "आक्का, गाडीला पट्टे-बिट्टे काही लागत नाहीत. मी खोटं बोललो."

"मला म्हाईत हाये," आक्का म्हणाल्या. "मोटारीला कदी पट्टे लागत असतेत व्हय रं? ती काय कबड्डी हाय?"

"मग हे सगळं...?"

"नायतर तू फाट्यावर गाडी लावून चालत आला असतास. चहा पिला असतास, अन् 'बघतो' म्हणून गेला असतास. तुला म्या ओळखत नाय का?"

उज्ज्वलाबाईंनी पदर तोंडाला लावला. आक्का मात्र हसत नव्हत्या.

"येक सांगते बदरी. तुला द्यायची नसती, तर तू सोता नाय म्हणायचं व्हतं. भाऊ नाय म्हणला की बहीण दोन दिस रुसती, मंग भाऊ समजूत घालाया येतो. गाडी नाय म्हणली तर म्या रुसू कुणावर?"

 बद्रीनाथराव म्हणाले, "परण्याला मीच आणतो. चालवणार पण मीच."

"मंग झालं," आक्का म्हणाल्या आणि चहाला उठल्या.

तेवढ्यात कडुबा आत आला. त्याचेही हात पांढरे होते.

"बदरी, आपल्या बी दारापर्यंत रेघ मारून घेतली. फक्की उरलीच व्हती. लगीन झालं की दोन दिस गाडी हितंच ठेव. सासऱ्याला वेरूळ दाखवून आणतो. तिकडं तर पक्के पट्टे हायेत."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. बद्रीनाथराव म्हणाले, "कडुबा, गाडी पट्ट्याशिवाय कुठंही जाते. मीच देत नव्हतो. आणि आताही देणार नाही."

 कडुबानं दारातून गाडीकडे पाहिलं, मग बद्रीनाथरावांकडे, मग पुन्हा गाडीकडे. जवळ येऊन त्यानं आवाज अगदी खाली आणला.

"हितनं आयकू जातं का तिला?"

"कुणाला?"

"गाडीला."

"अरे, मी म्हणतोय! मी, बद्रीनाथ!"

"व्हय, व्हय," कडुबा घाईघाईनं म्हणाला आणि पाय न वाजवता बाहेर पडला. मांडवात खांब रोवणाऱ्या मंडळींना तो सांगू लागला, "बदरी आपला लाखात येक माणूस, जलमात कुणाला नाय म्हणला नाय. पर गाडीनं पार बदलून टाकलाय त्याला. तिच्या धाकानं बोलतो आता."

"जा, सांगा की परत," उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

बद्रीनाथराव उठले. मांडवात गेले आणि सगळ्यांसमोर, गाडीकडे पाठ करून, पुन्हा एकदा स्वच्छ 'नाही' म्हणाले. कडुबानं त्यांच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला. सदऱ्यावर फक्कीची पाच बोटं उठली.

"असू दे, बदरी," तो म्हणाला. "तू तरी काय करशील?"