उलटी भरली तर न मिटणारी डबी

माझ्या आत्यासमोर कुणी ‘काळजी घ्या’ म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. निरोप घेताना लोक सहज म्हणतात, तसं म्हटलं तरी. समोरच्याला कळायचंच नाही की आपलं काय चुकलं. मला कळायचं, कारण मी तिच्याच घरी राहायचे आणि तिच्याच शेजारच्या बाकावर काम करायचे. आणि खरं सांगायचं तर माझाही राग काही कमी नाही, तेव्हा ही हकिगत मी शांतपणे सांगेन असं कुणी समजू नये.

आम्ही काडेपेट्यांच्या कारखान्यात काड्या भरायचो. पत्र्याच्या छपराखाली लांबलचक दालन, बाकांच्या चार ओळी, आणि घरी जाऊन दोनदा हात धुतले तरी न जाणारा गंधकाचा वास. मुठीत काड्या घ्यायच्या, बाकावर आपटून सारख्या करायच्या, आतल्या खणात बसवायच्या आणि खण बाहेरच्या खोक्यात सरकवायचा. खणाची पुढची, ओढायची कड डावीकडे आणि काड्यांचे गुल, म्हणजे पेटणारी डोकी, तीही डावीकडे, म्हणजे उजव्या हाताची बोटं गुलाला लागत नाहीत. आत्या हे काम तेवीस वर्षं करत होती. खाली न बघता, अख्ख्या दालनाची उणीदुणी काढत ती भरायची, आणि तिच्या मुठीत काडी कधी कमीजास्त यायची नाही.

तिचे यजमान, म्हणजे माझे आतोबा, स्टोव्ह आणि शेगड्या दुरुस्त करायचे. पाना, पक्कड, तारा आणि तेलकट चिंध्यांची पिशवी खांद्याला लावून ते घरोघर फिरायचे. शहरातल्या निम्म्या स्वयंपाकघरांचे दरवाजे त्यांना ठाऊक होते आणि निम्म्या सासवांची भांडणंही. दुरुस्ती झाली की पेटवून दाखवावं लागतं, म्हणून काडेपेटी कायम जवळ हवी. चिंध्यांच्या पिशवीत ती ठेवणं म्हणजे वेडेपणा, म्हणून पँटच्या खिशात.

आता कारखान्यातली एक पद्धत सांगते. खण सैल निघाला, लेबल तिरकं बसलं, तर ती डबी भरणारीने बाजूच्या टोपलीत टाकायची. शनिवारी टोपल्या रिकाम्या करून त्या डब्या आम्हा बायकांनाच वाटून टाकायचे. फुकट. कंपनीला वाटायचं आपण मनाचा मोठेपणा दाखवतोय आणि आम्हालाही वाटायचं की दाखवतायत, एवढ्या आम्ही भोळ्या. आमच्यापैकी कुणाच्याही घरी काडेपेटी विकत आणलेली नसायची.

अशाच दोन डब्या आतोबांच्या खिशात होत्या. एका घरात ते उकिडवे बसून स्टोव्हखाली वाकले. मांडीवर ताण आला, एका डबीचा सैल खण अर्धा बाहेर सरकला आणि त्यातले उघडे गुल दुसऱ्या डबीच्या घासायच्या पट्टीवर घासले. अख्ख्या मूठभर काड्या एकदम पेटल्या. कापड असं होतं की ते जळण्याऐवजी वितळून कातडीला चिकटलं. मांडीपासून गुडघ्यापर्यंत भाजलं. ते सात आठवडे अंथरुणावर होते.

आत्या कारखान्याच्या साहेबांकडे गेली. आमचा साहेब आवाज कधी चढवत नसे, आणि त्याच्या प्रत्येक नोटिशीच्या शेवटी ‘काळजी घ्या’ असायचं, म्हणून बायका त्याला काळजीवाहू म्हणायच्या. त्याने आधी वाईट वाटल्याचं सांगितलं. मग म्हणाला की त्या डब्या विकलेल्या नव्हत्या, तेव्हा कंपनीचा तसा संबंध येत नाही. एका खिशात दोन डब्या ठेवायच्या नसतात हे शहाण्या माणसाला कळायला हवं. आणि डबी बिचारी काय करणार, वापरणाऱ्याने काळजी घ्यायला हवी. फुकट दिल्या म्हणून जबाबदारी नाही, हे त्याने इतक्या गोड तोंडाने सांगितलं की आत्या बाहेर आली तेव्हा तिला रडू नव्हतं आलं, ती दार आपटून बाकावर येऊन बसली.

पंधरा दिवसांनी लेबलावर नवी ओळ आली : खिशात ठेवू नये. काळजी घ्या. आमच्या त्या डबीचं कारखान्यातलं नावच मुळी ‘खिशातली’ असं होतं. मोठी ती घरातली, लहान ती खिशातली. छत्रीवर ‘पावसात नेऊ नये’ छापावं तसला हा प्रकार. दिवसभर आम्ही ती ओळ छापलेल्या डब्या भरत होतो, आणि शनिवारी सैल डब्या घरीही नेत होतो, कारण तीही पद्धत चालूच होती. आत्याने मात्र त्या दिवसानंतर एकही डबी घरी आणली नाही.

आतोबांची जखम भरली, पण काडेपेटी खिशात घालायला त्यांचा हात धजेना. काही दिवस ते ज्या घरी जायचे तिथेच काडी मागायचे. स्टोव्हवाला स्वतःच काडी मागतो म्हटल्यावर लोक थट्टा करणारच. एका गिऱ्हाईकाने विचारलं, उद्या पाना पण आमचाच लागेल का? आतोबा हसले, पण दुसऱ्या दिवशी बाहेर पडले नाहीत. मग पायरीवर बसून, कुणी आणून देईल तेवढंच दुरुस्त करायला लागले. दिवसाला दहा घरं हिंडणारा माणूस पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला बघायला लागला. मला त्यांची दया यायची नाही, चीड यायची, त्यांच्यावर नाही, त्या लेबलावरच्या ओळीवर.

आत्याने पुठ्ठा आणि खळ आणून घरीच डबी बनवायला घेतली. तिची युक्ती इतकी साधी होती की आजवर कुणाला कशी सुचली नाही याचाच मला राग आला. नेहमीचं खोकं दोन्ही तोंडांनी उघडं असतं. तिने एक तोंड बंद केलं. गुल बंद तोंडाकडे, नुसत्या काड्यांची टोकं उघड्या तोंडाकडे. खण अर्ध्यावर अडावा म्हणून आत पुठ्ठ्याची एक घडी. आता डबी उघडली, खिशात सरकली, दाबली, तरी बाहेर येणार ती लाकडाची टोकं. गुल आतच. काडी हवी असेल तर टोकाला धरून ओढायची, आपण तशीही टोकालाच धरतो.

तिने ती आतोबांसमोर ठेवली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली, छान आहे म्हणाले आणि परत दिली. ते म्हणाले की माझ्यापुरती बनवलेली नको, दुकानात सगळ्यांना मिळायला लागली की मी विकत घेईन आणि खिशात घालीन. आत्याला ते लागलं. नवऱ्याला आपल्या हातचं नको आणि त्या कारखान्याचं हवं, असंच तिला वाटलं. मलाही ते हटवादीपणाचंच वाटलं होतं. पण त्या दिवसापासून तिने ठरवलं की ही डबी कारखान्यात बनायला लावायचीच, नाहीतर हे पायरीवरून उठायचे नाहीत.

साहेबांची वेळ मिळायला आठ महिने लागले. भेट ठरली त्या सकाळी तिने बारा डब्या भरून नेल्या. मीही बरोबर होते. तिने सगळं नीट समजावलं. साहेबांनी एक डबी उचलली, खण ओढला, आणि उघड्या तोंडातून लालभडक गुलांची रांग बाहेर आली. दुसरी उघडली, तीच गत. बाराच्या बारा उलट्या भरलेल्या. खणाची पुढची कड डावीकडे, गुल डावीकडे. तेवीस वर्षांचा हात, त्याने नव्या डबीतही जुनंच केलं होतं, आणि खाली बघायची सवय नाही म्हणून तिला ते दिसलंही नव्हतं.

साहेब हसला नाही, ते एक बरं. तो म्हणाला, “बघा बाई, डबी कितीही शहाणी केली तरी हात वेडाच असतो. म्हणून आम्ही सांगतो, काळजी घ्या.”

आम्ही घरी आलो. घरी आल्यावर तिने त्या बाराही डब्या जमिनीवर ओतल्या आणि स्वतःला इतकं बोलली, इतकं बोलली की मला कान झाकावेसे वाटले. आतोबा पायरीवरून उठून आत आले. ते म्हणाले, “मी भाजलो त्या डबीवर तुझाच नंबर होता.”

खणाच्या तळाला भरणारीचा नंबर उठवलेला असतो. आत्याचा सतरा. जळक्या खणाचा अर्धा तुकडा तिने कपाटात एका जुन्या डब्यात लपवून ठेवला होता, हे मला त्या दिवशी कळलं. सैल आहे म्हणून तिनेच ती डबी टोपलीत टाकली होती, तिनेच शनिवारी पदरात घेतली होती आणि तिनेच घरी आणून आतोबांच्या हातात दिली होती. तिला हे माहीत होतं. त्यांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इतके महिने एका घरात दोघं ती गोष्ट जपून बसले होते.

तिने विचारलं, “मग बोलला का नाहीत?”

“बोलून काय झालं असतं? तू आणखी काळजी घेतली असतीस. सैल आहे हे ओळखून टाकलीस, तीही काळजीच होती. त्या काळजीने कुणाला वाचवलं? म्हणून तर म्हटलं, तुझ्या हातची नको. हात कुणाचाही असो, चालेल अशी कर.”

तेव्हा मला त्यांचा हटवादीपणा कळला, आणि इतके दिवस मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली याची लाज वाटली. आत्याने डोळे पुसले, कात्री शोधली आणि जेवणं व्हायच्या आत पुठ्ठ्याच्या बारीक पट्ट्या कापायला बसली.

काडीचं टोक बारीक, गुल जाड. तिने खणाच्या पुढच्या कडेजवळ एक आडवी पट्टी चिकटवली आणि तिच्याखाली एवढीच फट ठेवली की मूठभर काड्यांची टोकं जेमतेम मावतील. मूठभर गुल त्याच फटीत कोंबले तर पट्टी फुगते, खण खोक्यात शिरतच नाही. म्हणजे उलटी भरली तर डबी मिटतच नाही. त्या एका पट्टीसाठी तिने तीन आठवडे पुठ्ठे वाया घालवले. तयार झाल्यावर ती माझ्या हातात देऊन मला बोलण्यात गुंतवायची आणि मी उलटी भरतेय का बघायची. मी भरायचेच. आणि डबी मिटायची नाही.

दुसऱ्या भेटीत तिने काही समजावलं नाही. रिकामा खण, खोकं आणि काड्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. “उलटी भरा,” ती म्हणाली, “आणि मिटून दाखवा.”

त्याने तीनदा खटपट केली. तिसऱ्यांदा खणच फाटला. त्याने फाटका खण बाजूला ठेवला आणि म्हणाला की वर विचारावं लागेल. वर विचारायला आणखी सहा महिने गेले. आणि तेही माणुसकी सुचली म्हणून नाही, तर एका मोठ्या व्यापाऱ्याने, ज्याच्या स्वतःच्या भावाचा खिसा पेटला होता, माल घेणं थांबवलं म्हणून. आमच्या आतोबांची मांडी जळली तेव्हा वापरणाऱ्याची चूक, आणि व्यापाऱ्याचा भाऊ भाजला तेव्हा डबीची. हे लिहितानाही माझे दात आवळले जातायत.

डबी निघाली. कारखान्यात छोटासा समारंभ झाला, आत्याला व्यासपीठावर बोलावलं. मानपत्रावर लिहिलं होतं : कामात दाखवलेल्या काळजीबद्दल. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं. आत्याने ते हातात घेतलं, पुन्हा टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “मी काळजी घेतली नव्हती. म्हणून ही डबी झाली. तो शब्द खोडा, मग द्या.” लोकांना ती विनोद करतेय असं वाटलं, टाळ्या पडल्या. ती खाली उतरून बाकावर जाऊन बसली. मानपत्र शेवटपर्यंत साहेबांच्याच कपाटात राहिलं.

डब्या दुकानात आल्या त्या दिवशी आतोबांनी स्वतः जाऊन एक विकत घेतली. घरी आणून खण उघडला, तळाचा नंबर बघितला. भलत्याच कुणाचा तरी होता. ते खूश झाले. पिशवी पुसली, पाना तेल लावून आत टाकला आणि डबी पँटच्या डाव्या खिशात घातली, भाजलेल्या बाजूच्या. मी भिंतीला टेकून बघत होते. ते पायरी उतरले आणि गल्लीच्या टोकाकडे चालायला लागले.

आत्या धावत दारात आली आणि मागून ओरडली, “अहो, नीट ठेवलीय ना? सांभाळून!”

आतोबा थांबले, वळले. “आता कशाला?” ते म्हणाले, आणि खिशावर थाप मारून चालू लागले.

ती तिथेच दाराला धरून उभी राहिली. मग माझ्याकडे वळून संतापाने म्हणाली, “बघितलंस? माझ्याही तोंडून तेच निघालं.” आणि कोपऱ्यावरून ते दिसेनासे होईपर्यंत ती दारातून हलली नाही.