पिंपातला काळोख

काशीराम मेस्त्रींच्या हत्यारांना हात लावायची दहिसरच्या त्या चाळीत कोणाची छाती नव्हती. त्यांचा रंधा पुरुषभर लांब आणि उलटा, पातं आभाळाकडे केलेला. बाकीचे सुतार लाकडावर रंधा फिरवतात, लाकडी पिंपं करणारा रंध्यावरून लाकूड चालवतो. घाटकोपरच्या कारखान्यात चाळीस वर्षं त्यांनी तेच केलं. पुढे प्लास्टिकचे ड्रम आले, कारखाना बंद पडला आणि रंधा घरी आला. सून नलिनी लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं, "हेका हात लावू नको हां." अठरा वर्षं ती बिचारी रंध्याभोवतीचा केर तेवढा काढत राहिली.

मे महिन्यात मनोरीची जया कोळीण टेम्पोत घालून आपल्या आईचं पिंप घेऊन आली. दरवर्षी पावसाळ्याच्या बेगमीची मासळी त्यात खारवली जायची. आई गेल्यावर दोन वर्षं ते रिकामं पडलं, सुकलं आणि फळ्या खिळखिळ्या झाल्या. पिंप रिकामं ठेवलं की त्याची वाट लागलीच म्हणून समजा.

"ड्रममध्ये आईची चव येत नाय, काका," जया म्हणाली. "पण मिठाचं पाणी गळलं तर सगळी मासळी कुजेल. जमेल ना तुम्हाला?"

जमेल ना! म्हाताऱ्याला ते असं झोंबलं की त्यांनी तिला चहासुद्धा विचारला नाही. "रविवारी येऊन घेऊन जा," एवढंच म्हणाले.

त्यांनी लोखंडी पट्टे उतरवले, एकेक फळी रंध्यावर चालवली, सांध्यांत सुक्या लव्हाळ्याच्या पट्ट्या भरल्या आणि पट्टे पुन्हा ठोकून बसवले. मग पिंप गच्चीवर उन्हात आडवं केलं, आत डोकं घातलं आणि खांद्यांवर गोणपाट ओढून घेतलं. आत कुठे उजेडाची रेघ दिसली तर काम कच्चं, ही त्यांच्या धंद्याची परीक्षा. आत मिट्ट काळोख होता. मेस्त्री मिशीभर भुसा घेऊन बाहेर आले ते खुशीतच. "झकास!"

पिंपात पाणी भरलं तर ते गळू लागलं. "गळूदे," ते म्हणाले. "लाकूड पाणी पिता, फुगता, मगे आपसूक थांबता." ते खरंच असतं. पण तीन दिवस झाले तरी गळती थांबेना, तेव्हा त्यांनी लाकडाला शिव्या घालायला सुरुवात केली.

वर्षभर नलिनी बघत होती, बाबा चहाची बशी चाचपून उचलतात. डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी डब्यात तशीच पडून होती. रविवारी सकाळी तिने कोणाला न विचारता पिंप रिकामं केलं, उन्हात ओढलं आणि आत डोकं घातलं.

"बाबा, उजेड आहे. तीन ठिकाणी."

"खोटा बोलतस!" मेस्त्रींनी तिला बाजूला सारून स्वतः डोकं घातलं. आत तोच मिट्ट काळोख. तो काळोख पिंपातला नव्हता. आपल्या डोळ्यांतला काळोख पाहून आपण खूश झालो होतो, हे कळलं तेव्हा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच कामाची लाज वाटली.

चार वाजता जया येणार होती. फटींत मेण भरलं असतं तर मनोरीपर्यंत थेंब गळला नसता. मेण भरणारे मेस्त्री त्यांनी कारखान्यात पाहिले होते. नलिनीला वाटलं, आता तेही मेणच मागतील.

"जयाक फोन लाव," ते बाहेर येऊन म्हणाले. "सांग, मेस्त्रीक दिसत नाय. आठ दिवस अजून दी म्हण."

"असं सांगू?"

"असाच सांग. मासळी तिची कुजतली, माझी नाय."

फोन झाला. नलिनी लांबूनच, सवयीप्रमाणे रंध्याला वळसा घालून निघाली. मेस्त्रींनी तिचा हात चाचपून धरला आणि रंध्याच्या लाकडावर ठेवला.

"लाकूड मी चालवतंय," ते म्हणाले. "उजेड तू बघ."