चार्जर काढून दाखवा

अन्याय झाला तो निलंगा तालुक्यातल्या एका मुलीवर. भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेल्या गावातली, नुकतीच दहावी झालेली मुलगी. कधी झाला, तर अर्जाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चार वाजून बावन्न मिनिटांनी. अर्ज होता सरकारी मोफत शिकवणीचा. नंबर लागला असता तर दोन वर्षं लातुरात राहणं, जेवण आणि सायन्सचा क्लास, सगळं फुकट. मुदत पाचची होती, म्हणजे अजून आठ मिनिटं हातात होती. मुलीकडे मार्क होते, कागद होते, आणि माझ्या मांडीवर लॅपटॉप होता. तो लॅपटॉप मी निवडला होता, म्हणून हे मलाच लिहिलं पाहिजे.

भूकंपानंतरच्या पत्र्याच्या शेडात जन्मलेल्या पोरांपैकी मी एक. विशी ओलांडली तेव्हा मी एका विद्यार्थी संघटनेचं काम करत होते. पत्रकं लिहायची, छापून आणायची, एसटीनं अहमदपूर, निलंगा, हिमायतनगर करत शाळांच्या फाटकांवर वाटायची. आणि जिथं इंटरनेटचं दुकान नाही तिथं शाळेच्या व्हरांड्यात बसून पोरींचे फॉर्म भरून द्यायचे. लातुरात तेव्हा चौकाचौकात क्लासवाल्यांचे फलक होते. त्यावर टॉपरांची तोंडं एवढी मोठी की एकेक दात विटेएवढा. त्या फलकांच्या सावलीत उभं राहून मी "शिक्षण विकायचं नसतं" असं छापलेली पत्रकं वाटत असे. लोक घ्यायचे आणि त्यावर भेळ खायचे.

संघटनेचा लॅपटॉप म्हणजे जातं होतं. खांद्यावर पट्ट्याचा वळ कायमचा. एक कंडक्टर मला ओळखायला लागला होता. "ताई, ह्याचं हाफ तिकीट काढा आता," म्हणायचा. म्हणून ठरलं की फिरण्यासाठी लहान, हलका, सेकंड हँड बघायचा, आणि तो मीच बघायचा, कारण वाहणार मी.

मला वजन एकाच मापानं कळतं, ते म्हणजे पत्रकांचा गठ्ठा. पाचशे पत्रकांच्या गठ्ठ्याहून जड असेल ते मला नको, एवढीच अट घेऊन मी नांदेडला गेले. पहिल्या दुकानात मोठ्या पडद्याचा दाखवला, "पिक्चर भारी दिसतो" म्हणून. दुसऱ्या दुकानात विचारलं, घरातलं कुणी मोठं बरोबर नाही का. त्या माणसाला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. तिसऱ्या दुकानात तो सापडला. काळा, वहीएवढा, बिजागरी घट्ट.

"लेडीज पर्समध्ये बसतो, ताई."

"मी पर्स वापरत नाही."

"मग झोळीत बसंल की!"

मी झोळीतून गठ्ठा काढला. डाव्या हातात पत्रकं, उजव्या हातात लॅपटॉप, डोळे मिटले.

"भाजी घेऊन राहिल्या का काय?" दुकानदार हसला. गल्ल्याजवळचं गिऱ्हाईकही हसलं.

उजवा हात हलका होता. मी तिथंच भुलले.

तरी बावळटासारखा घेतला नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. पडदा बघितला, एकेक कळ दाबून बघितली, बिल मागितलं. कळा कोऱ्या करकरीत. फक्त ए, बी, सी, डी या चार कळांवरची अक्षरं पुसून गेलेली.

"हे काय?"

"लातूरच्या क्लासचा माल हाय. टेस्ट हॉलमधला. पोरं ए, बी, सी, डी सोडून दाबतेत काय? बाकी मशीन कुठं फिरलेलं न्हाई, ताई. घेतल्यापासून एकाच टेबलावर. न पळवलेली गाडी समजा."

न पळवलेली गाडी! आपल्याकडं जुनं काहीही विकताना हे वाक्य येतं आणि ऐकणारा खूश होतो. मीही झाले. शोरूममधून निघाली ती थेट अंगणात उभी राहिली, मास्तरांची होती, शनिवारी बाजाराला तेवढी जायची. अशी गाडी म्हणजे नशीब. फिरण्यासाठी घ्यायची वस्तू कधीच फिरलेली नाही, ह्यात काही खोट असेल असं माझ्या मनातही आलं नाही. कोपऱ्यात शंभर टक्के असा आकडा होता. चार्जर लावलेला होता. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत लावलेलाच होता.

चौथ्या दिवशी मी त्या गावात होते. मधले तीन दिवस लॅपटॉप संघटनेच्या खोलीत होता, बोर्डाजवळ, वायरीवर. गावात दुपारी बारानंतर लाईट नसते हे मला माहीत होतं. तेवढ्यासाठीच तर तो घेतला होता.

मुलगी आणि तिची आजी सकाळपासून निलंग्याच्या कचेरीत बसून होत्या. भूकंपग्रस्त असल्याचा दाखला आजोबांच्या नावावर, तो नातीच्या नावानं पाहिजे होता. महिनाभर हेलपाटे. साहेब मीटिंगला, साहेब जेवायला, साहेबांची सही आहे पण शिक्का कपाटात आणि किल्ली दुसऱ्याकडे. ज्या भूकंपाच्या जोरावर कचेऱ्या बांधल्या गेल्या, त्याचाच पुरावा माणसानं पुन्हा पुन्हा आणून द्यायचा. साडेतीनला दाखला हातात पडला. मुलीनं मला फोन केला.

"ताई, हितं नेटच्या दुकानात लई रांग हाय. थांबू का येऊ?"

मी म्हणाले, "या. रांगेत उभ्या राहू नका. मी आहे ना."

हे वाक्य माझं आहे. ते दुकानदाराचं नाही, साहेबांचंही नाही.

जीपनं दोघी आल्या. शाळेच्या व्हरांड्यात मी मोबाईलचं नेट जोडून बसले. मोबाईलवर तो फॉर्म उघडत नव्हता, हे आम्ही आदल्या आठवड्यातच बघितलं होतं. चार चाळीसला लॅपटॉप चालू केला. शंभर टक्के. नाव, गाव, आधार, मार्क. मुलगी पाठ म्हटल्यासारखी सांगत होती, मी दाबत होते. दाखल्याचा फोटो लहान करून चढवायचा राहिला होता. आकडा अडतीस झालेला मी बघितला आणि वाटलं, चुकून दिसला असेल. मग पडदा काळा झाला. त्यात आमची तिघींची तोंडं दिसली.

दाबलं. पुन्हा दाबलं. उघडून-मिटून बघितलं. आजीनं तर रेडिओला मारतात तशी वरून एक थापटी मारली.

कुणाच्या तरी मोटारसायकलवर मुलीला मधे आणि मला मागे बसवून गावातल्या एका पोरानं निलंग्यापर्यंत गाडी तुफान मारली. नेटच्या दुकानात शिरलो तेव्हा पाच वाजून सतरा मिनिटं झाली होती. पडद्यावर एकच ओळ होती, मुदत संपल्याची. मुलगी ती ओळ वाचत उभी राहिली. रडली नाही. ती रडली असती तर मला काहीतरी करायला मिळालं असतं.

परत आलो तर आजी व्हरांड्यातच बसलेली. म्हणाली, "जाऊ दे बाई. त्या पहाटं तर घरं पडली. हे तर डबडं हाय."

मला तिचा राग आला. आजही येतो. एवढं मोठं पाठीशी असलं की माणूस पुढचं सगळं किरकोळीत काढतो, आणि साहेबांना, क्लासवाल्यांना, माझ्यासारख्यांना फुकट माफी मिळते.

दुसऱ्या दिवशी नांदेड. दुकानदारानं लॅपटॉप घेतला, चार्जर लावला, पडदा उजळला.

"चालू हाय की, ताई!"

"चार्जर काढा."

"काढायचा कामून? चार्जर दिलाय ना संगं?"

"फिरायला घेतला होता मी! सांगितलं होतं तुम्हाला!"

"हलका पाहिजे म्हणले, हलका दिला. हातात तोलून नेला तुम्ही. बॅटरीचं इचारलं का?"

नव्हतं विचारलं. हेच तर जळतं. तो खोटं एक अक्षर बोलला नव्हता.

समोरच्या बोळात दुरुस्तीवाले चाचा बसायचे, केस मेंदीनं लाल. त्यांनी मागचं झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं. बॅटरी पुरीसारखी फुगली होती.

"बेटा, हे मशीन कधी चाललंच न्हाई. रात-दिन वायरीवर. खुंट्याला बांधून नुसतं खाऊ घातलं. जनावर दिसायला गुबगुबीत, पण पाय गेले त्याचे. क्लासवाल्यांचे सगळे असेच येतेत. किती घेतले लोकांनी, मोजत न्हाई मी."

म्हणजे क्लासला माहीत होतं, दुकानदाराला माहीत होतं, बोळातल्या चाचांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त गिऱ्हाइकाला. लातुरात ज्या वर्गात त्या मुलीला बसायचं होतं, तसल्याच एका वर्गानं निरुपयोगी म्हणून काढून टाकलेलं यंत्र तिच्या वाट्याला आलं, आणि त्यानंच तिला दाराबाहेर ठेवलं. कुणी मुद्दाम केलं नाही असं म्हणतात. मला ते मान्य नाही. झाकण उघडून न बघता माल पुढं ढकलणं हे मुद्दामच असतं.

चाचांनी नवी बॅटरी घातली. हे मी त्याच लॅपटॉपवर लिहिते आहे. ए, बी, सी, डी अजून पुसलेल्याच आहेत.

योजना त्याच वर्षी दहावी झालेल्यांसाठी होती, दुसरी संधी नव्हती. मुलगी आर्ट्सला गेली, कारण गावातून एसटी तेवढ्याच कॉलेजला वेळेवर पोचायची. पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्या गावात फॉर्म भरायला गेले, लाईट असते तेव्हा, सकाळीच. ती आली, शेजारच्या पोरीला घेऊन. मी तिला सगळं सांगितलं, टेस्ट हॉल, फुगलेली बॅटरी, तो दुकानदार, त्याला मी कसं झापलं. चांगलं भाषण झालं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं,

"ताई, तुम्ही घेताना चार्जर काढून बघितला नव्हता का?"

एवढंच. मग तिनं हात पुढं केला, माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपची वायर स्वतः उपटली, मोबाईलमध्ये वेळ बघितली आणि शेजारच्या पोरीला म्हणाली, "बस. अर्धा तास चालला तर तुझा फॉर्म भरू, न्हाईतर आत्ताच निलंग्याला."

चालला. फॉर्म गेला.

आता तुमचं. तुम्ही दुकानात उभे राहाल, कुणी हलका, गोंडस, कधीच न फिरलेला लॅपटॉप तुमच्या हातात देईल आणि शंभर टक्के दाखवेल. वायर उपटा. स्वतःच्या हातानं उपटा. स्टूल मागा आणि तासभर तिथंच बसा. दुकानदार हसेल, गिऱ्हाइकं हसतील, हसू द्या. त्या तासाआधी कुठल्याही पोरीला "मी आहे ना" म्हणू नका.